कै. हरि नारायण आपटे : गोष्ट सांगावयास ते कसे शिकले

गोष्ट ऐकण्याची गोडी आमच्या दिघाशीकडील मुलांस कोणी शिकवावी लागत नाहीं. भिवंडी तालुक्यांतील या गांवीं भाताचीं खळीं सुरू झालीं, कीं रात्रीं पेंढ्यावर बसून आजीच्या तोंडची गोष्ट ऐकतां ऐकतां झोपीं जावें, हें प्रत्येकाच्या बाळपणांत येतेंच. परंतु तीच गोष्ट दुसऱ्या दिवशीं वर्गांत उभें राहून सांगावयाची झाली, म्हणजे मात्र जीभ टाळूला चिकटते. राजा कोठून आला, राणी कां रुसली, हें सारें ठाऊक असूनहि आरंभ कोठें करावा तें सुचत नाहीं. आणि एकदां आरंभ केला, कीं थांबावें कोठें तें समजत नाहीं. विद्यार्थिमित्रहो, ज्यांस मराठी कादंबरीचे जनक म्हणतात, त्या हरिभाऊ आपट्यांसहि प्रथम हीच अडचण पडली होती. ती त्यांनीं कशी दूर केली, तें पुढें सांगितलें आहे.

हरिभाऊंचा जन्म खानदेशांत पारोळें येथें ता. ८ मार्च १८६४ रोजीं झाला. चार वर्षांचे असतांच त्यांची आई वारली. पुढें कांहीं काळ मुंबईंत काढून १८७८ सालीं ते पुण्यास आले, आणि त्यांचें खरें शिक्षण येथेंच झालें. १८८० च्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकर व बाळ गंगाधर टिळक यांनीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें, व लौकरच गोपाळ गणेश आगरकरहि तेथें शिकवूं लागले. असे गुरु एकाच शाळेंत लाभणें हें भाग्य थोड्यांच्याच वांट्यास येतें. १८८२ सालीं विष्णुशास्त्री अकालीं निवर्तले, तेव्हां या अठरा वर्षांच्या शिष्यानें त्यांच्यावर एक दीर्घ विलापकाव्य रचलें. त्यानंतर थोड्याच काळानें आगरकरांनीं शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चें 'विकारविलसित' या नांवानें भाषांतर केलें, तेव्हां त्याच शिष्यानें आपल्या गुरूच्या ग्रंथाचें लांबलचक व निर्भीड परीक्षण लिहून छापविलें. गुरूविषयीं आदर आणि गुरूच्या लेखनाची परीक्षा या दोन्ही गोष्टी एकाच मनांत नांदूं शकतात, हें त्या परीक्षणावरून दिसतें. दुसऱ्याचें लेखन बारकाईनें तपासण्याची ही संवय पुढें त्यांस स्वतःच्या लेखनांत फार उपयोगी पडली असावी.

कॉलेजांत मात्र त्यांचें गणिताशीं कधींच जमलें नाहीं. डेक्कन कॉलेजांत व पुढें फर्ग्युसन कॉलेजांत जाऊनहि पदवी न घेतांच त्यांस शिक्षण सोडावें लागलें. (हें वाक्य वाचून आमच्या वर्गांतील कांहीं मित्रांचे चेहरे खुलतील. त्यांनीं हेंहि लक्षांत ठेवावें, कीं हरिभाऊ गणिताच्या वेळांत झोंपा काढीत नव्हते. इंग्रजी व संस्कृत ग्रंथांचे ढीगच्या ढीग वाचीत होते.) त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनीं प्राचीन संस्कृत ग्रंथांच्या रक्षणार्थ आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. तिची व्यवस्था हरिभाऊंनीं पत्करली व ती जन्मभर सांभाळली.

आतां मुख्य विषयाकडे येऊं. हरिभाऊ लिहूं लागले त्या काळीं मराठींत कादंबऱ्या नव्हत्या असें नव्हे. बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालींच प्रसिद्ध झालें होतें, व त्यांत हिंदु विधवांचे हाल कळकळीनें वर्णिले होते. परंतु त्यामागून 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' अशा अद्भुतरम्य कथांचीच चलती झाली. त्यांतील नायक-नायिका कोणत्या गांवीं राहतात, काय जेवतात, कोणाशीं भांडतात, याचा कांहींएक थांग लागत नसे. संकट आलें कीं दैव धांवून येई व संकट टळे.

१८८५ सालीं 'पुणें वैभव' पत्रांत हरिभाऊंची 'मधली स्थिति' ही पहिली कादंबरी येऊं लागली, तेव्हां ते एकवीस वर्षांचे होते. नवशिक्या मनुष्यानें जें करावें तेंच त्यांनीं केलें. रेनॉल्ड्स नांवाच्या त्या वेळीं लोकप्रिय असलेल्या इंग्रजी कादंबरीकाराचा सांगाडा त्यांनीं उसना घेतला. पण लंडनची ती चाल पुण्याच्या वाड्यांत शिरली मात्र, तिचें रूप पालटूं लागलें. भोंवतालचीं खरीं माणसें, नवें शिक्षण घेऊन बहकलेले तरुण व त्यांच्या घरच्या दुःखी स्त्रिया पानांपानांतून डोकावूं लागल्या, आणि उसना सांगाडा मागें पडला. माझ्या मतें हरिभाऊंचा पहिला धडा हाच होय. आरंभीं दुसऱ्याचा हात धरून चालण्यांत लाज नाहीं. तो हात सोडण्याची वेळ ओळखतां आली पाहिजे. पुढची 'गणपतराव' ही कादंबरी तर अपुरीच राहिली, आणि त्या अपुरेपणांतूनहि ते कांहीं शिकलेच असतील.

१८९० सालीं त्यांनीं 'करमणूक' हें साप्ताहिक काढलें. आठवड्याच्या आठवड्यास अंक निघावयाचा आणि त्यांतील बहुतेक मजकूर एकट्यानें लिहावयाचा! या जात्यांत त्यांची लेखणी पंचविसांहून अधिक वर्षें फिरत राहिली. वाचक आठ दिवस वाट पाहून अंक उघडणार. मागील प्रकरणांतील माणूस त्यास आठवला पाहिजे, आणि पुढें काय होईल ही हुरहूर त्याच्या मनांत राहिली पाहिजे. गोष्ट कोठें थांबवावी, हें या साप्ताहिकानेंच त्यांस शिकविलें.

त्याच 'करमणुकीं'त 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः आली व १८९३ सालीं पुरी झाली. या कादंबरीची सर्व करामत एका निश्चयांत आहे. गोष्ट लेखकानें सांगावयाची नाहीं, यमूनें सांगावयाची. यमू ही पुण्यांतील एका ब्राह्मण घरची मुलगी. ती आपलें लहानपण सांगते, आईचा मृत्यु सांगते, सासरचा जांच सांगते. प्रेमळ नवऱ्यानें तिला लिहावयास-वाचावयास शिकविलें तें सांगते, आणि मुंबईंतील त्या थोड्या सुखाच्या दिवसांविषयीं बोलतांना तिची वाणी कशी फुलते! मग नवरा मरतो, आणि घरांतलींच माणसें तिचें बळजबरीनें केशवपन करवितात. येथें लेखकानें स्वतः पुढें येऊन व्याख्यान झोडलें असतें, तर वाचकानें पान उलटलें असतें. पण बोलणारी यमू आहे. ती स्वयंपाकघरांतल्या साध्या भाषेंत बोलते, म्हणून तिचें दुःख घरोघरच्या माजघरापर्यंत पोंचलें. ज्या पुरुषास आईची माया फार दिवस लाभली नाहीं, त्यानें बायकांचें बोलणें इतकें कान देऊन कसें ऐकलें असेल, याचें मला नेहमीं नवल वाटतें. त्या काळीं विधवांच्या केशवपनाविरुद्ध 'सुधारक' पत्रांत आगरकर तर्कानें झगडत होते. हरिभाऊंनीं तोच प्रश्न एका मुलीच्या तोंडून विचारला.

लहान गोष्टींतहि त्यांचा हात असाच बसत गेला. १८९६-९७ च्या घोर दुष्काळाच्या अनुभवांतून 'काळ तर मोठा कठीण आला!' ही त्यांची कथा निघाली. अन्नावांचून तडफडणाऱ्या गरीब कुटुंबाची ही हकीकत आहे. पुण्याच्या पांढरपेशा वस्तींत वाढलेल्या लेखकानें ती लिहिली हें विशेष. शिवकालावरील 'उषःकाल' व 'गड आला, पण सिंह गेला' यांचीं नांवें तर आपल्यापैकीं पुष्कळांनीं ऐकलीं असतील.

हरिभाऊंच्या लेखनांत दोष नाहींत असें मी म्हणणार नाहीं. पाल्हाळ फार आहे. वर्णन सुरू झालें कीं तें आवरत नाहीं, आणि कांहीं ठिकाणीं उपदेशहि डोकें वर काढतो. साप्ताहिकाचीं पानें भरावयाचीं म्हणजे हें व्हावयाचेंच. शिवाय त्यांच्यामागें कामांचा व्याप मोठा होता. पुण्याच्या नगरपालिकेंत त्यांनीं वर्षानुवर्षें काम केलें व तिचें अध्यक्षपदहि भूषविलें. १९१२ सालीं अकोल्यास भरलेल्या मराठी साहित्य-संमेलनाचे ते अध्यक्ष होते. घरींहि सुख थोडें. पहिली पत्नी १८९१ सालींच, म्हणजे यमूची कहाणी लिहीत असतांनाच, वारली होती. तरी अंकाचें काम थांबलें नाहीं.

ता. ३ मार्च १९१९ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. पंचावन्न वर्षें पुरीं व्हावयास पांच दिवस उरले होते. 'कर्मयोग' ही त्यांची शेवटची कादंबरी तेव्हां अपुरीच होती, आणि ती तशीच राहिली.