लेफ्टनंट भीमराव आंबेडकर

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रात १९१३ सालच्या आरंभीचे काही दिवस असे आहेत की, ज्यांवरून वाचक घाईने पुढे निघून जातो. नुकतीच बी. ए. झालेला एकवीस वर्षांचा भीमराव त्या दिवसांत बडोदा संस्थानच्या सैन्यात लेफ्टनंट होता. बाबासाहेबांच्या पदव्या आपल्या समाजातील शाळकरी मूलही क्रमाने म्हणून दाखवते. हा लष्करी हुद्दा मात्र सहसा कोणाच्या ध्यानात नसतो.

या स्मरणिकेसाठी आम्ही नेमके तेच दिवस निवडले, याला कारण आहे. शेलू-नेरळच्या रस्त्यावर पहाटेच्या अंधारात भरतीसाठी धावणारी मुले आपण सारे पाहतो. बारावीचा निकाल लागला की त्यांतल्या एखाद्याचे आईवडील आम्हांस गाठतात आणि मुलाला सैन्यात पाठवावे की कॉलेजात घालावे, असे विचारतात. इतिहासाच्या शिक्षकाजवळ या प्रश्नाचे तयार उत्तर नसते. त्याच्याजवळ असतो तो एक दाखला, आणि आमच्याजवळचा दाखला एका सुभेदाराच्या घरातला आहे.

ते घर दोन्ही बाजूंनी लष्करी होते. आजोबा मालोजी सकपाळ सैन्यात होते. वडील रामजी सुभेदार झाले. आई भीमाबाई मुरबाडकरांची लेक. मुरबाड म्हणजे आपल्या कर्जत तालुक्याला लागूनच असलेला मुलूख. भीमाबाईंचे वडील आणि चुलते सैन्यात सुभेदार-मेजर होते, आणि हिंदी माणसाला पलटणीत सहसा याहून वरचा हुद्दा मिळत नसे. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे सकपाळांचे मूळ गाव. पण १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव जन्मले ते महूच्या छावणीत, या दांपत्याचे चौदावे अपत्य म्हणून.

रामजींची लष्करी कारकीर्द मुख्यतः बंदुकीची नव्हे, पाटीपुस्तकाची होती. पुण्याच्या नॉर्मल स्कूलमधून ते शिक्षक होऊन बाहेर पडले आणि चौदा वर्षे त्यांनी लष्करी शाळेत मुख्याध्यापकी केली. कंपनी सरकारच्या काळापासून पलटणीतील शिपायांच्या मुलामुलींना शाळा सक्तीची होती आणि प्रौढांसाठी रात्रीचे वर्ग भरत. ज्या गावात अस्पृश्याच्या मुलाला शाळेच्या ओसरीवरही बसता येत नव्हते, त्याच गावचा माणूस छावणीत गेला की त्याची मुलगीसुद्धा वाचू लागे. आपल्या समाजाचे पहिले लेखक, पहिले अर्जदार आणि पहिले चळवळे पेन्शनर शिपायांतून का निघाले, याचे उत्तर या शाळांत आहे. आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे अशांपैकीच एक. १८८६ मध्ये ते सैन्यातून निवृत्त झाले आणि लेखणी हाती घेऊन अस्पृश्यतेवर तुटून पडले.

आणि हेच दार बंद झाले. १८९२ च्या सुमारास लढाऊ आणि बिनलढाऊ जातींचा सिद्धांत पुढे करून इंग्रज सरकारने महारांची भरती थांबवली. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात लढताना पडलेल्यांची नावे ज्या स्तंभावर आहेत, तो उभारणाऱ्यांच्याच वारसांनी हा निर्णय घेतला! न्यायमूर्ती रानडे यांचे साहाय्य घेऊन रामजींनी अर्ज केला; १८९४ मध्ये वलंगकरांनीही एक अर्ज लिहिला. उपयोग झाला नाही. भीमराव पाटीवर धुळाक्षरे गिरवू लागण्याच्या आतच त्यांचा परंपरागत मार्ग सरकारी हुकमाने नाहीसा झाला होता.

रामजींनी या अनुभवातून काय घेतले, ते त्यांच्या पुढल्या वागण्यात दिसते. दापोली, सातारा, मग मुंबईत परळची डबक चाळ असा त्यांचा संसार सरकत गेला. दरमहा पन्नास रुपये पेन्शन. त्यातून घर चालायचे आणि मुलाची पुस्तकेही यायची. पैसे कमी पडले की सुभेदार लग्न झालेल्या लेकींकडे जात, त्यांचा दागिना मागून आणत आणि गहाण टाकत. एका खोलीत सारे कुटुंब. म्हणून मुलाला आधी झोपवून वडील जागत आणि रात्री दोन वाजता त्याला अभ्यासाला उठवत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले आणि पुढे त्यांच्याच खटपटीने सयाजीराव महाराज गायकवाडांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजचा मार्ग त्यामुळे खुला झाला.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. बाबासाहेबांच्या शिक्षणाचा पाया शिष्यवृत्तीच्या आधी पेन्शनने घातला, हे आपण सहसा बोलत नाही. २०२२ पासून शिपायांच्या भरतीसाठी जी अग्निवीर योजना आहे, तीत चार वर्षांनंतर फार तर चतुर्थांश जवान कायम होतात आणि बाकीच्यांना एकरकमी निधी मिळतो, पेन्शन मिळत नाही. रामजींची वर्दी आणि आजची वर्दी यांची तुलना करताना पालकांनी हा फरक ध्यानात घ्यावा. बावीस-तेविसाव्या वर्षी घरी परतलेल्या मुलाजवळ तेव्हा शिक्षण किती असेल, हा हिशेब अर्ज भरण्यापूर्वीच झालेला बरा.

१९१२ च्या अखेरीस भीमरावांची बी. ए. ची परीक्षा झाली. त्याच वर्षी १२ डिसेंबरला रमाईंना पुत्र झाला, तो यशवंत. घरात पत्नी, तान्हे मूल, थकलेले वडील. पदवीधराला मुंबईत नोकरी मिळणे अशक्य नव्हते आणि मुलाने मुंबईतच राहावे, अशी रामजींची इच्छा होती. बडोद्यात जातीचा जाच किती आहे, याची त्यांना कल्पना असावी. भीमराव मात्र शिष्यवृत्ती देणाऱ्या महाराजांचे उतराई होण्याच्या विचाराने हट्टाने निघाले. आयुष्यभर पलटणीत राहिलेला बाप मुलाला लष्करी नोकरीपासून परावृत्त करतो आणि कॉलेजात शिकलेला मुलगा त्या नोकरीकडे धाव घेतो, हे दृश्य आम्हांस विलक्षण वाटते. वडिलांच्या पिढीला ज्या सैन्याने नाकारले, त्याच्यासारख्याच दुसऱ्या सैन्यात अधिकारी म्हणून उभे राहण्याचे आकर्षण त्या वयात नसेलच, असे आम्ही म्हणणार नाही.

जानेवारी १९१३ मध्ये ते बडोद्यास रुजू झाले. थोडेच दिवस गेले असतील, तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. भीमराव तसेच गाडीत बसले. वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. मुंबईस पोहोचायला त्यामुळे आणखी एक दिवस गेला. सुभेदारांचे प्राण जणू मुलासाठीच घुटमळत होते. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले. मिठाई तशीच राहिली. सुरतेहून जाताना आजही आमच्या मनात तो पुडा येतो.

भीमराव बडोद्याच्या सैन्यात परत गेले नाहीत. चार महिन्यांनी चित्र पालटले. काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत पाठवण्याचा महाराजांचा विचार होता. ४ जून १९१३ रोजी बडोदा सरकारशी करार झाला: शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी. म्हणजे नोकरी टळली नव्हती, पुढे ढकलली गेली होती. घरचा कर्ता पुरुष नुकताच गेला होता, मूल सहा महिन्यांचे होते. त्या घरात पगार हवा होता आणि भीमरावांनी कोलंबिया विद्यापीठ निवडले. जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कला उतरले. या निवडीचे मोल रमाईंनी किती चुकते केले, ते लिहायला हा लेख पुरणार नाही.

करारानुसार सप्टेंबर १९१७ मध्ये ते पुन्हा बडोद्यात आले. महाराजांचे मिलिटरी सेक्रेटरी म्हणून नेमणूक झाली. पुन्हा लष्कराशीच निगडित पद. एम. ए., कोलंबियातला संशोधनाचा प्रबंध आणि लंडनमधील अभ्यास एवढी विद्या घेऊन आलेल्या या अधिकाऱ्याच्या टेबलावर शिपाई लांबूनच फाइली फेकत. शहरात कोणी घर देईना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तेथूनही काढले. कमाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. हुद्दा बडोद्यातच राहिला. विद्या बरोबर आली आणि पुढल्याच वर्षी तिच्या बळावर ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले.

म्हणून बाबासाहेब सैन्यभरतीच्या विरुद्ध होते, असे मात्र कोणी समजू नये. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, सरकारने १११ महार ही पलटण उभारली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडून टाकली. ही जखम ते विसरले नव्हते. १९४१ मध्ये संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर नेमणूक होताच त्यांनी महारांच्या स्वतंत्र पलटणीचा पाठपुरावा केला, तरुणांना भरती होण्याचे आवाहन केले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. आपल्या कित्येक घरांतील भिंतींवर तिच्या वर्दीतले फोटो आहेत आणि ते तेथे अभिमानानेच आहेत.

तरीही पालकांनी विचारले, तर आम्ही एवढेच सांगतो की शिष्यवृत्ती मिळत असेल तर मुलाला आधी पदवी घेऊ द्यावी. पदवीनंतर सीडीएस परीक्षेने अधिकारी म्हणून सैन्यात जाता येते; सतराव्या वर्षी सोडलेले कॉलेज पुन्हा धरणे कठीण असते. ज्या घरात खरोखरच चूल थांबली आहे, त्या घराला आम्ही हा सल्ला देत नाही. रामजींनाही दागिने गहाण टाकावे लागले होते.

महायुद्ध संपत आले असता, ८ जुलै १९४५ रोजी, बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. स्वतःची इमारत नव्हती. वर्ग भरले ते लष्कराने रिकाम्या केलेल्या बराकींत, आणि दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळी तास होऊ लागले.