नानाभाई मूस आणि चुंबकाचें निवांत घर

खोडदच्या माळावरील दुर्बीण जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील आमच्या विद्यार्थ्यांस परकी नाहीं. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या आकाशांतून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरी टिपतात. मनुष्यनिर्मित रेडिओलहरींचा गोंगाट या भागांत कमी, हें येथील जागा निवडण्याचें एक मोठें कारण होय. अशाच निवांतपणासाठीं विसाव्या शतकाच्या आरंभीं ज्यांनीं आपलीं यंत्रें मुंबईबाहेर नेलीं, त्या शास्त्रज्ञाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ रोजीं एका पारशी कुटुंबांत झाला. एडिंबर्ग येथें उच्च शिक्षण घेऊन ते परतले व एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकवूं लागले. पुढें १८९६ सालीं ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे प्रमुख झाले. हा मान मिळविणारे ते पहिलेच हिंदी गृहस्थ.

या वेधशाळेंत १८४६ पासूनच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी जतन केलेल्या होत्या. असें मोजमाप कसें होतें, तें पाहूं. बारीक तंतूस एक लहानसें चुंबक टांगलेलें असतें व त्यावर एक आरसा बसविलेला असतो. आरशावरून परतलेला किरण दूरच्या फिरत्या कागदावर पडतो आणि त्या छायाचित्रण-कागदावर रेषा उमटते. चुंबक डोळ्यांस न दिसेल इतकें वळलें, तरी लांब किरणाच्या टोकाशीं तें वळण स्पष्ट दिसतें. परंतु जी युक्ति खरी हालचाल मोठी करते, तीच खोटी हालचालही तितकीच मोठी करते. मेख आहे ती येथेंच.

मुंबईंत घोड्यांच्या ट्रामगाड्या जाऊन विजेच्या ट्रामगाड्या येणार, असें ठरलें. रुळांतून व जमिनींतून वाहणारी वीज आपलें चुंबकत्व निर्माण करी, आणि कुलाब्याचें यंत्र तेंही इमानानें टिपून ठेवी. सुमारे साठ वर्षांची अखंड नोंद अशानें निरुपयोगी झाली असती. तेव्हां मूस यांनीं कुलाब्याहून सुमारे ३० किलोमीटरांवरील अलिबाग ही जागा पसंत केली. आपल्या शिवनेरीचा काळा दगड स्वतःच चुंबकीय गुणाचा असतो. तसल्या दगडाचें घर तेथें चालणार नव्हतें. म्हणून परीक्षा करून निवडलेला पोरबंदरी दगड बांधकामास वापरला. उष्णतेच्या चढउतारानें चुंबकाचें बळ बदलतें, यास्तव खोलींतील उष्णमान शक्य तितकें स्थिर राहील अशी योजना केली.

तरीही त्यांनीं घाई केली नाहीं. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी घेतल्या, म्हणजे जुनें माप नव्याशीं जुळवितां आलें. त्यानंतर १९०७ सालीं मुंबईंत विजेची ट्राम धांवूं लागली. मालिका मात्र तुटली नाहीं.

आतां चुंबकत्व मोजण्यासाठीं अतिसूक्ष्म सिलिकॉन-पट्ट्या तयार होतात. पट्टीच्या स्वाभाविक कंपनाशीं जुळणारा वीजप्रवाह तिच्यांतून सोडला, कीं बाहेरील चुंबकत्वाच्या योगानें ती थरथरते. त्या थरथरीपासून मिळालेला विजेचा संकेत वर्धकानें मोठा करावयाचा, गाळणीनें नको तीं कंपनें वगळावयाचीं, उष्णतेचा दोष काढावयाचा व शेवटीं ज्ञात मापाशीं ताडून पाहावयाचें. साधनें नवीं, पण शिस्त अलिबागचीच. गोंगाट मुळाशींच आवरला, तर पुढील काम सोपें होतें.

मूस यांनीं १८४६ ते १९०५ पर्यंतच्या कुलाब्याच्या नोंदी दोन खंडांत संकलित केल्या. ते १९१० सालीं प्रसिद्ध झाले. चुंबकीय वादळांत क्षितिजसमांतर बल प्रथम कसें घटतें व मग सावकाश कसें पूर्ववत् होतें, हें त्यांनीं अनेक वादळांच्या सरासरीनें दाखविलें. त्यांच्या जन्माच्या अवघ्या आठ आठवड्यांपूर्वीं, २ सप्टेंबर १८५९ रोजीं, महावादळाच्या वेळीं कुलाब्याच्या निरीक्षकांनीं केलेल्या नोंदींचा अभ्यास एकविसाव्या शतकांतही झाला. त्या दिवशीं बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनीं घटलें होतें.

मूस १९३६ सालीं निवर्तले. अलिबागची वेधशाळा १९७१ पासून भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या छत्राखालीं आली. प्रयोगवहींत आंकडा लिहितांना आमच्या विद्यार्थ्यांनीं एवढेंच स्मरावें, कीं आपला आंकडा शंभर वर्षांनीं कोणाच्या उपयोगीं पडेल, हें आपणांस ठाऊक नसतें. म्हणून तो खरा असावा.