चिन्हांचे तर्कशास्त्र मांडणारा उपेक्षित प्रज्ञावंत

१८७९ च्या जून महिन्यातली गोष्ट. बोस्टनहून न्यूयॉर्कला आलेल्या एका आगबोटीतून चार्ल्स सँडर्स पर्स उतरले आणि हॉटेलात पोहोचल्यावर त्यांच्या लक्षात आले, की आपला ओव्हरकोट आणि साखळीसह घड्याळ बोटीवरच राहिले आहे. घड्याळ साधेसुधे नव्हते. सरकारच्या किनारा सर्वेक्षण खात्याने कामासाठी सोपवलेली ती मौल्यवान वस्तू होती. ते तातडीने परतले, तोवर सारे नाहीसे झाले होते. पर्स यांनी बोटीवरच्या सगळ्या नोकरांना रांगेत उभे करून प्रत्येकाशी चार शब्द बोलून पाहिले, पण चोर कोण याचा कसलाच धागा हाती लागेना. अखेर पुरावा नसला तरी अंदाज केलाच पाहिजे, असे मनाशी ठरवून त्यांनी एकाला निवडले. खासगी गुप्तहेराने आपल्या अनुभवाच्या आधारे भलत्याच माणसाचा पाठलाग केला आणि तो रिकाम्या हाताने परतला. पुढे घड्याळ गहाणवटीच्या दुकानात सापडले. दुकानदाराने केलेले वर्णन पर्स यांनी निवडलेल्या माणसाशीच जुळले.

हा प्रसंग खुद्द पर्स यांनी लिहून ठेवला आहे. त्यात थोडी आत्मप्रौढी असेलही. परंतु अपुऱ्या खुणांवरून माणसाचे मन योग्य अंदाजापर्यंत कसे पोहोचते, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. आज ‘शिकणाऱ्या’ यंत्रांविषयी हाच प्रश्न नव्याने विचारला जात असताना या अमेरिकी तत्त्वज्ञाची आठवण होणे अपरिहार्य आहे.

पर्स यांचा जन्म १० सप्टेंबर १८३९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे झाला. वडील बेंजामिन पर्स हे हार्वर्ड विद्यापीठातील नामांकित गणिती. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास थोरल्या भावाच्या खोलीत व्हेटली यांचे तर्कशास्त्रावरचे पाठ्यपुस्तक चार्ल्सच्या हाती पडले आणि त्यांचा जन्माचा विषय ठरून गेला. १८६३ मध्ये त्यांनी रसायनशास्त्राची पदवी उत्तम प्रावीण्यासह मिळवली. उपजीविकेसाठी मात्र किनारा सर्वेक्षण खात्याचीच नोकरी होती. ती या ना त्या स्वरूपात १८९१ च्या अखेरपर्यंत चालली.

तेथे त्यांच्याकडे लंबकाच्या आंदोलनांवरून गुरुत्वाकर्षण मोजण्याचे काम होते. लंबक हलतो तेव्हा त्याचा आधारही किंचित हलतो आणि मोजमाप चुकते, हे त्यांनी युरोपातील शास्त्रज्ञांना दाखवून दिले. लंबक काहीतरी सांगतो, पण त्याचे सांगणे नीट वाचावे लागते आणि वाचन चुकले तर जगच ती चूक उघड करते, याचा धडा त्यांना रोजच्या कामातून मिळत होता.

या धड्याचे तात्त्विक रूप म्हणजे पर्स यांची चिन्हमीमांसा. १८६७ च्या एका निबंधात त्यांनी तिचा पाया घातला. त्यांच्या मते चिन्हे प्रामुख्याने तीन प्रकारची. छायाचित्र किंवा नकाशा ही प्रतिमा, कारण तिचे वस्तूशी साम्य असते. धूर हा अग्नीचा निर्देशक, कारण दोहोंत प्रत्यक्ष संबंध असतो. न्यायशास्त्राच्या आपल्या अभ्यासकांना पर्वतावरचा हा धूर चांगलाच परिचित आहे. तिसरे प्रतीक. ‘आंबा’ या शब्दात आंब्याचा ना आकार आहे, ना वास. केवळ संकेताने तो शब्द त्या फळाचा झाला आहे.

मात्र पर्स यांचे खरे योगदान याच्याही पुढे आहे. चिन्ह आणि वस्तू एवढ्या दोघांनी अर्थ पुरा होत नाही, तर त्या चिन्हाने निर्माण होणारा बोध हा त्यातला तिसरा घटक आहे, असे त्यांनी मांडले. हा बोध स्वतःच पुढचे चिन्ह बनतो आणि अर्थाची साखळी वाढत जाते. १८७७-७८ मधील त्यांच्या निबंधांनी यात आणखी एक कसोटी घातली. एखादी कल्पना खरी मानल्याने अनुभवात कोणता फरक पडेल, त्यात तिचा अर्थ शोधावा. यातूनच विल्यम जेम्स यांच्यामुळे पुढे लोकप्रिय झालेला फलप्रामाण्यवाद जन्माला आला.

तर्काच्या निगमन आणि विगमन या दोन परिचित मार्गांना पर्स यांनी तिसऱ्याची जोड दिली. सकाळी अंगण ओले दिसले की रात्री पाऊस पडला असावा, असे आपण म्हणतो. पाऊस कोणी पाहिलेला नसतो. पण तो पडला असेल तर ओल्या अंगणाचे कारण उलगडते. ही गृहीतकाची झेप चुकू शकते, म्हणून तिची परीक्षा घ्यावीच लागते. पण नवे ज्ञान येते ते याच दाराने, अशी त्यांची धारणा होती.

१८७९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ते तर्कशास्त्राचे व्याख्याते झाले. अॅलन मार्क्वांड या त्यांच्या विद्यार्थ्याने तर्काचे निष्कर्ष काढणारे यंत्र तयार केले होते. १८८६ मध्ये मार्क्वांड यांना लिहिलेल्या पत्रात पर्स यांनी सुचवले, की असे यंत्र विजेवर चालवता येईल. एकापुढे एक जोडलेल्या कळा ‘आणि’ हा संबंध दाखवतील, समांतर जोडलेल्या कळा ‘किंवा’ हा संबंध. क्लॉड शॅनन यांनी विद्युत्‌मंडलांचे तर्कगणित मांडले ते १९३७ मध्ये. म्हणजे पर्स यांचे पत्र अर्धशतक आधीचे, पण ते दीर्घकाळ अप्रकाशितच राहिले.

१८८७ मध्ये ‘लॉजिकल मशिन्स’ या लेखात त्यांनी विचारणेचा किती भाग यंत्राकडे सोपवता येईल, याची चर्चा केली. यंत्राच्या दोन मर्यादा त्यांनी सांगितल्या. यंत्राला स्वतःचा उपक्रम नसतो, आपला प्रश्न ते आपण शोधत नाही. आणि ज्या कामासाठी ते घडवले त्यापलीकडे ते जात नाही.

परंतु बुद्धीची ही झेप जगण्याच्या कामी आली नाही. पहिली पत्नी सोडून गेल्यावर रीतसर घटस्फोटापूर्वीच ते जुलिएट या स्त्रीबरोबर राहत होते. सायमन न्यूकम या खगोलशास्त्रज्ञामार्फत ही गोष्ट विद्यापीठाच्या विश्वस्तांपर्यंत गेली आणि १८८४ मध्ये त्यांची नोकरी संपली. त्यानंतर कोणत्याही विद्यापीठाने त्यांना कायमचे पद दिले नाही. त्यांचा तापट स्वभाव, चेहऱ्याच्या मज्जातंतूंचा असह्य आजार आणि पैशाच्या बाबतीतला बेहिशेबीपणा यांचाही त्यात वाटा होता, हे मान्य केले पाहिजे. पेनसिल्व्हानियातील मिलफर्डजवळच्या घरात त्यांनी अखेरची वर्षे कमालीच्या दारिद्र्यात काढली. मित्र जेम्स यांनी वर्गणी जमवून आधार दिला. नवा कागद परवडेना तेव्हा ते पाठकोऱ्या कागदांवर लिहीत राहिले. १९ एप्रिल १९१४ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. जुलिएट यांनी हस्तलिखितांची हजारो पाने हार्वर्डला दिली. १९३१ पासून त्यांचे खंड निघू लागले आणि पर्स खऱ्या अर्थाने वाचले जाऊ लागले.

आजची भाषिक यंत्रे अफाट मजकूर वाचून शिकतात. पुढचा शब्द कोणता असेल याचा अंदाज करायचा, चुकले की आतील आकडे थोडे बदलायचे, अशी त्यांची शिकण्याची रीत. अंदाज आणि त्याची दुरुस्ती ही जोडी पर्स यांना ओळखीची वाटली असती. पण केवळ मजकुरावर शिकलेल्या यंत्राला मिळतात ती मुख्यतः प्रतीके. शब्दांचे शब्दांशी नाते त्याला कळते. शब्दाचे वस्तूशी नाते कोठून यावे? १९९० मध्ये स्टीव्हन हार्नाड यांनी हाच प्रश्न ठळकपणे मांडला. यंत्राला चित्रे दाखवली तर प्रतिमांची भर पडते. कॅमेरा आणि संवेदक जोडून त्याला जगात वावरू दिले तर निर्देशकांची. एवढ्याने तिसरा घटक, म्हणजे बोध, पुरा होतो का, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

यंत्राने अस्खलित उत्तर दिले की आपण ते समजून दिले आहे असे धरून चालतो. पर्स यांची शिकवण येथे उपयोगी पडते. उत्तराची भाषा कितीही सफाईदार असो, ते खरे मानले तर जगात काय दिसायला हवे, हे विचारावे आणि तपासावे. आगबोटीवरचा पर्स यांचा अंदाजही घड्याळ सापडेपर्यंत अंदाजच होता.