शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

सांगलीहून मिरजेकडे निघाले, की विश्रामबागेनंतर वानलेसवाडी लागते. येणारे-जाणारे रोज हे नाव घेतात. पण हे वानलेस कोण, असे विचारावे तर मिशन हॉस्पिटलचा कुणी गोरा साहेब, यापलीकडे फारसे उत्तर मिळत नाही. रुग्णालयाच्या व्हरांड्यात ताटकळणाऱ्या नातेवाइकांना आजही एक वाक्य हमखास ऐकायला मिळते: शस्त्रक्रिया छान झाली, आता सूज येता कामा नये. या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागासाठी या माणसाने आपल्या मुलखात जवळजवळ चाळीस वर्षे घालवली, म्हणून आज त्यांची आठवण.

विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात झाला. न्यूयॉर्कला वैद्यकाचे शिक्षण संपवून ते १८८९ मध्ये बाहेर पडले आणि त्याच वर्षी पत्नी मेरी यांच्यासह अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे हिंदुस्थानात आले. आधी सांगलीत छोटा दवाखाना, मग मुक्काम मिरजेला. तिथे १८९४ साली रुग्णालय उभे राहिले. इमारतीसाठी पैसा दिला तो फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी. हे गृहस्थ रेल्वेची इंजिने बनवणाऱ्या मोठ्या कारखान्याचे चालक. योगायोग मोठा गमतीचा, कारण मिरजेला पुढे रोगी आणून पोचवले ते रेल्वेनेच. कोरेगाव, कराड, किर्लोस्करवाडी करत येणाऱ्या गाडीतून साताऱ्याकडची माणसे उतरू लागली. तासगाव, वाळवा, शिराळा हे तालुके त्या वेळी सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. दुखण्याला अर्थात जिल्ह्याची हद्द कधीच नव्हती.

या माणसांत डोळ्याला मोतीबिंदू झालेले पुष्कळ असत. मोतीबिंदूवर आपल्याकडे उपाय नव्हता असे नाही. गावोगाव हिंडणारे डोळ्यांचे वैदू सुईने बुबुळामागचे पांढरे भिंग डोळ्यातच मागे ढकलून देत. म्हातारीला तिथल्या तिथे नातवाचे तोंड दिसे. सारे घर हरखून जाई, वैदूला शिधा आणि पैसा मिळे, आणि तो पुढच्या गावाला निघून जाई. खरे दुखणे त्यानंतर सुरू होई. मळक्या सुईबरोबर आत गेलेला जंतू आणि डोळ्यात सुटे पडलेले ते भिंग, दोन्हींमुळे डोळा लाल होई, ठणके, आणि बऱ्याचदा काही दिवसांत किंवा महिन्यांत कायमचा मिटे. मद्रासचे नेत्रवैद्य एलियट यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अशा बिघडलेल्या डोळ्यांचा अभ्यास करून पुस्तकच लिहिले. वैदूला लबाड म्हणणे सोपे आहे. पण त्याला आपल्या हातून काय झाले हे कळतच नसे, कारण ते पाहायला तो थांबतच नसे.

वानलेस थांबले. त्यांच्या शस्त्रक्रियेचा बोलबाला झाला. मोतीबिंदू, मुतखडे, पोटातल्या गाठी अशी हजारो कामे त्यांच्या हातून झाली. पण हात चालणारे सर्जन तेव्हाही होते. ते शिकले तो काळच वेगळा होता. लिस्टर यांनी कार्बोलिकने जखम जपण्याची रीत १८६७ मध्ये मांडली होती आणि अमेरिकेतल्या तरुण डॉक्टरांच्या अंगात ती नुकती मुरत होती. हत्यारे उकळा, हात घासा, पट्टी निर्जंतुक ठेवा. आज हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. विहिरीच्या पाण्यावर आणि चुलीच्या जाळावर, दुष्काळ आणि प्लेगच्या दिवसांत ते रोज पाळणे ही निराळीच गोष्ट होती. त्या काळी मोतीबिंदू काढल्यावर रोग्याला दोन्ही डोळे बांधून दिवसच्या दिवस हलू न देता उताणे निजवून ठेवावे लागे. शेतात राबणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार आणि कोण सांभाळणार? त्यासाठी एकटा डॉक्टर पुरत नाही. म्हणून १८९७ पासून मिरजेत परिचारिकांचे आणि वैद्यक शिकणाऱ्या तरुणांचे शिक्षण सुरू झाले. वानलेस यांचे सर्वांत मोठे काम कोणते, असे कुणी विचारले, तर मी आधी या शाळांकडे बोट दाखवीन.

आता एक उडी आजच्या काळात मारतो. मेंदूतल्या धमनीची भिंत कुठे अशक्त झाली, की तिथे फुगा धरतो. तो फुटला तर माणूस जाण्याचीही भीती. पूर्वी कवटी उघडून त्याला चिमटा लावावा लागे. आता जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी वर नेऊन त्या फुग्यात प्लॅटिनमची तलम तार वेटोळी घालून भरतात. आत रक्त गोठते, धोका टळतो. डोक्यावर टाका नाही, घरचे हरखून जातात. पण क्वचित काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी डोके दुखू लागते, ताप येतो, फुग्याभोवतीचा मेंदू सुजतो, मेंदूच्या आवरणाचा दाह होतो किंवा मेंदूत पाणी साठते. जंतू शोधावा तर सापडत नाही. आत राहिलेल्या वस्तूवर आणि गोठलेल्या रक्तावर शरीरच चिडलेले असते. मोठ्या फुग्यात आणि विशिष्ट लेप दिलेल्या तारांनंतर असे झाल्याच्या नोंदी आहेत. पुष्कळदा स्टिरॉइडने सूज उतरते, पाणी साठले तर वाट करून द्यावी लागते; मात्र ते वेळेवर ओळखले पाहिजे. म्हणून घरी आलेल्या रोग्याचे डोके पुन्हा दुखू लागले, तर उन्हाचे असेल म्हणून गोळी देऊन निजवू नये. जिथे तार घातली तिथे कळवावे.

वानलेस यांच्या हाताशी यातले काहीच नव्हते. जंतूंवरची पेनिसिलिनसारखी औषधे नाहीत, दाह शमवणारे स्टिरॉइड नाही. लिस्बनला मोनिझ यांनी मेंदूच्या धमन्यांचे पहिले क्ष-किरण चित्र काढले ते १९२७ साली, म्हणजे वानलेस यांच्या मिरजेतल्या अखेरच्या दिवसांत.

ते आले होते धर्मप्रसाराला, हे लपवण्याचे कारण नाही. लोकांनी त्यांचे औषध घेतले आणि बहुतेकांनी आपला देव्हारा होता तिथेच ठेवला. त्यामुळे रुग्णालयाचे दार कुणाला बंद झाले नाही. १९०० साली कुष्ठरोग्यांसाठी निवारा झाला, पुढे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले; वानलेसवाडी हे नाव त्याच कामाची खूण. १९०६ मध्ये मेरी वारल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयाला त्यांचे नाव दिले आहे.

१९२८ साली वानलेस यांना सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी त्यांनी मिरज सोडली. फ्लेमिंग यांना पेनिसिलिनची बुरशी दिसली तीही त्याच वर्षी. १९३३ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या ग्लेन्डेल गावी त्यांचा अंत झाला. हे गाव लॉस एंजेलिसला लागूनच आहे. १९९० साली गुग्लिएल्मी या इटालियन डॉक्टरांनी रोग्याच्या मेंदूतल्या फुग्यात प्लॅटिनमची ती सुटणारी तार पहिल्यांदा बसवली, ती त्याच लॉस एंजेलिसमध्ये.