गोलरक्षक आर्थर व्हार्टन

आपल्या ज्ञातीतील तरुण खेळाडूंनी आर्थर व्हार्टन यांचे नाव ठाऊक करून घ्यावे, असे आम्हांस वाटते. १८६५ साली आफ्रिकेतील अक्रा येथे ते जन्मले. धर्मोपदेशक होण्यासाठी इंग्लंडास गेले. पण रमले क्रीडांगणावर. १८८६ साली १०० यार्ड १० सेकंदांत धावून त्यांनी तेथील अजिंक्यपद पटकाविले. एवढा चपळ धावपटू फुटबॉलमध्ये गोल राखीत उभा राहिला, याचे आम्हांस नवल वाटते! आडव्या दांड्याला लोंबकळून ते पायांत चेंडू धरीत, अशी आख्यायिका आहे. १८८९ साली रॉदरहॅम टाऊन संघाने त्यांस वेतनावर घेतले. पहिले कृष्णवर्णीय धंदेवाईक फुटबॉलपटू ते हेच मानले जातात. १९०२ साली खेळ सुटला. पुढे कोळशाची खाण नशिबी आली. १९३० साली ते निवर्तले. एडलिंग्टन येथील त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो १९९७ साली. तोवर ती जागा निनावीच होती.