युद्धवार्ताहर चर्चिल : बंगळूरचे पर्व

विन्स्टन चर्चिल म्हटले की भारतीय वाचकाच्या मनात दुसरे महायुद्ध आणि १९४३ सालचा बंगालचा दुष्काळ यांच्याच स्मृती जाग्या होतात. त्याला १९५३ साली मिळालेले नोबेल पारितोषिक साहित्याचे होते, आणि त्यातील लेखकाची खरी उमेदवारी बंगळूरच्या लष्करी छावणीत झाली, याकडे सहसा लक्ष जात नाही. शहाजीराजांच्या जहागिरीचे स्थान म्हणून मराठी इतिहासाला परिचित असलेल्या या नगराचा हा आणखी एक धागा आहे.

चौथ्या हुझार्स या घोडदळाच्या पलटणीबरोबर चर्चिल ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस उतरला, तेव्हा त्याचे वय एकवीस होते. ससून गोदीत होडीतून उतरतानाच त्याचा खांदा निखळला व ते दुखणे त्याला जन्मभर पुरले. पुण्यात थोडे दिवस काढून पलटण बंगळूरला गेली. तेथे दोन सहकाऱ्यांसह घेतलेला बंगला, गुलाबांची बाग, फुलपाखरांचा संग्रह आणि सायंकाळचा पोलो असा क्रम सुरू झाला. वडील लॉर्ड रँडॉल्फ १८९५ च्या जानेवारीत वारले होते. विद्यापीठाचे शिक्षण नव्हते, ती उणीव मनाला टोचत होती. म्हणून दुपारचा उन्हाचा वेळ गिबन, मेकॉले व प्लेटो यांच्या वाचनात जाऊ लागला. ग्रंथ आई लंडनहून धाडी. त्याच्या पुढील गद्याची लय या दुपारींत घडली.

वृत्तपत्रासाठी लिहिणे त्याला नवे नव्हते. १८९५ साली क्यूबातील बंडाविषयी ‘डेली ग्राफिक’ला त्याने पाच पत्रे लिहिली होती, प्रत्येकी पाच गिनी मोबदल्याने. लष्करी वेतन अपुरे, हौस मोठी आणि डोळा पार्लमेंटवर. तेव्हा जेथे लढाई तेथे आपण, हे त्याने ठरवूनच टाकले होते.

२६ जुलै १८९७ रोजी वायव्य सरहद्दीवरील मलकंदच्या ठाण्यावर पठाणांनी हल्ला केला. रजेवर इंग्लंडात असलेला चर्चिल तत्काळ परत निघाला. सेनापती सर बिंडन ब्लड याच्याकडे अधिकाऱ्याची जागा रिकामी नव्हती. वार्ताहर म्हणून येण्याचा मार्ग मात्र त्याने सुचविला. अलाहाबादच्या ‘पायोनियर’ने नेमणूक दिली, आणि ‘डेली टेलिग्राफ’शी आईने स्तंभास पाच पौंड असा ठराव केला. दर त्याला कमी वाटला, आणि पत्रे नाव न देता एका तरुण अधिकाऱ्याची म्हणून छापली गेली याचा तर संतापच आला. ज्या नावासाठी जीव धोक्यात घालायचा तेच गाळले गेले होते. बंगळूरहून सुमारे दोन हजार मैलांचा, पाच दिवसांचा आगगाडीचा प्रवास करून तो नौशेऱ्यास पोचला.

१६ सप्टेंबरला मामुंद खोऱ्यात शाहीतंगीच्या माघारीत तो शीख पलटणीबरोबर होता आणि त्याने स्वतः बंदूक चालविली. लढणारा व लढाईचे वर्णन करणारा एकच असला की वर्णनाचे काय होते, हा प्रश्न येथूनच सुरू होतो. पुढील दिवसांत जाळलेली गावे, पाडलेले बुरूज, बुजवलेले पाण्याचे साठे यांची नोंद त्याच्या लेखनात आहे. पण दंड म्हणून हे अटळच, अशा सुरात. घरच्या पत्रांतला सूर वेगळा आहे. तेथे सरहद्द पुढे सरकवण्याच्या धोरणावर आणि दोन्ही बाजूंच्या क्रौर्यावर तो छापील मजकुरापेक्षा कितीतरी कठोरपणे लिहितो. पठाणांची बाजू सांगणारी लेखणी तर त्या रणांगणावर नव्हतीच.

याच काळाची दुसरी बाजू मराठी वाचकाने विसरू नये. मलकंदच्या हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी टिळकांना मुंबईत अटक झाली. शाहीतंगीच्या दोन दिवस आधी, १४ सप्टेंबरला, ‘केसरी’तील लेखनाबद्दल त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी सुनावली गेली. एकाच साम्राज्यात, एकाच सप्ताहात, एका लेखणीला मानधन होते आणि दुसरीला तुरुंग.

ऑक्टोबरमध्ये बंगळूरला परतून चर्चिलने मलकंदवरील ग्रंथ सुमारे दोन महिन्यांत पुरा केला व ३१ डिसेंबरला हस्तलिखित रवाना केले. मार्च १८९८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. मुद्रिते एका नातलगाने इतकी निष्काळजीपणे तपासली की पानोपानी चुका राहिल्या. तरीही काही महिन्यांत दुय्यम अधिकाऱ्याच्या दोन वर्षांच्या वेतनाइतके उत्पन्न त्यातून झाले. ‘साव्रोला’ ही त्याची एकमेव कादंबरीही या बंगळूरच्या वर्षांतलीच. तिचे वाङ्मयीन मूल्य बेताचे.

ग्रंथ वाचून पंतप्रधान सॉल्झबरीने त्याला भेटीस बोलावले. किचनरचा विरोध असतानाही चर्चिल सुदानात पोचला, २ सप्टेंबर १८९८ च्या ओमदुरमनच्या लढाईत लढला आणि ‘मॉर्निंग पोस्ट’ला स्तंभास पंधरा पौंडांनी पत्रे पाठवीत राहिला. वर्षाअखेर तो बंगळूरला परतला व सुदानवरील ग्रंथाला लागला. महदीच्या कबरीच्या विटंबनेबद्दल त्यात त्याने किचनरला दोष दिला. १९०२ च्या संक्षिप्त आवृत्तीत ती धार उरली नाही. मार्च १८९९ मध्ये त्याने भारत सोडला. बंगळूरच्या क्लबच्या वहीत, न वसूल होणाऱ्या रकमांच्या यादीत, त्याच्या नावावर तेरा रुपये राहिले.

लष्कर सोडून, महिना अडीचशे पौंडांवर, तो बोअर युद्धाला गेला. १५ नोव्हेंबर १८९९ रोजी चिलखती आगगाडीवरील हल्ल्यात पकडला गेला, तेव्हा आपण केवळ वार्ताहर असल्याने सुटका व्हावी असा त्याचा अर्ज होता. गाडी सोडविण्यात त्याने घेतलेला पुढाकार बोअरांनी पाहिला होता. अर्ज मान्य झाला नाही. १२ डिसेंबरला प्रिटोरियाच्या कैदेतून तो निसटला. अधिकाऱ्यांनी वार्ताहर होऊ नये असा नियम, मुख्यतः त्याच्याचमुळे, आता झालेला होता. सेनापती बुलर याने तोडगा काढला : साउथ आफ्रिकन लाइट हॉर्समध्ये बिनपगारी अधिकारपद. ‘मॉर्निंग पोस्ट’चे वेतन चालूच राहिले.