पिट्सबर्गचा २१ नंबर

मर्चंट मोठे की गावसकर, गावसकर मोठा की तेंडुलकर, हा वाद आपल्याकडे चहाचे कप रिकामे झाले तरी संपत नाही. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरातही असाच एक वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, फक्त तो बेसबॉलचा आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातले हे पोलादाचे शहर तीन नद्यांच्या संगमावर वसले आहे. तिथल्या संघाचे नाव पायरेट्स, म्हणजे समुद्री चाचे. या चाच्यांमधला आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण, एवढाच प्रश्न आहे. पण त्यावरून बाप आणि मुलगा एका जेवणाच्या टेबलावर दोन पक्षांत बसतात.

आकडेवारी मानणारे होनस वॅग्नरचे नाव घेतात. त्यांची बाजू भक्कम आहे. वॅग्नरचा जन्म १८७४ चा, पिट्सबर्गच्याच परिसरातला. आईबाप जर्मनीहून आलेले. पोरवयात तो कोळशाच्या खाणीत राबला. १९०० ते १९१७ अशी अठरा वर्षे तो पायरेट्सकडून खेळला आणि आठ वेळा नॅशनल लीगमधला अव्वल फलंदाज ठरला. १९३६ मध्ये बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’साठी पहिले पाच खेळाडू निवडले गेले, त्यांत बेब रूथच्या बरोबरीने तो होता. काहीजण विली स्टार्जेलच्या ४७५ होम रनची आठवण काढतात. पण वाद रंगात आला, की तिसरे नाव येते आणि आवाज थोडे खाली येतात. ते नाव असते रोबेर्तो क्लेमेंतेचे.

योगायोग असा, की १९५५ च्या एप्रिल महिन्यात पिट्सबर्गमध्ये म्हाताऱ्या वॅग्नरच्या पुतळ्याचे त्याच्याच उपस्थितीत अनावरण झाले आणि त्याच महिन्यात वीस वर्षांचा क्लेमेंते पायरेट्सच्या गणवेशात पहिला सामना खेळला. डिसेंबरमध्ये वॅग्नर वारला. एकाने निरोप घेतला तेव्हा दुसऱ्याने नुकते पाऊल टाकले होते.

उसाच्या मळ्यातून

क्लेमेंतेचा जन्म १८ ऑगस्ट १९३४ चा, कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावरच्या कारोलिना गावचा. सात भावंडांत तो शेंडेफळ. वडील मेल्चोर उसाच्या मळ्यात मुकादम होते. शाळेत असताना रोबेर्तो भालाफेकीत चमकला. पुढे ज्या हाताची दहशत साऱ्या लीगने घेतली, त्याचे मूळ तिथे शोधणारे शोधतात.

१९५४ च्या फेब्रुवारीत ब्रुकलिन डॉजर्स या नामांकित संघाने त्याला दहा हजार डॉलर बोनस देऊन करारबद्ध केले आणि मॉन्ट्रियलच्या दुय्यम संघात पाठवले. त्या काळी एक नियम होता. चार हजारांपेक्षा जास्त बोनस दिलेला नवा खेळाडू मुख्य संघात ठेवला नाही, तर मोसम संपल्यावर दुसरा संघ त्याला उचलू शकत असे. डॉजर्सनी त्याला मॉन्ट्रियलमध्ये फारसे खेळवलेच नाही. पण पायरेट्सच्या माणसाची नजर त्याच्यावर पडली होती. त्या वर्षी पायरेट्स लीगमध्ये तळाला होते, त्यामुळे निवडीचा पहिला मान त्यांचा. तळाला राहण्याचा एवढा फायदा क्वचितच कोणाला झाला असेल.

नव्या संघात त्याने २१ क्रमांक घेतला. स्पॅनिश रिवाजाप्रमाणे आईचे माहेरचे आडनाव वॉकर धरून आपले पूर्ण नाव लिहिले, तर इंग्रजीत बरोबर एकवीस अक्षरे भरतात, म्हणून त्याने तो घेतला असे सांगतात. गंमत म्हणजे ज्या नावावरून त्याने क्रमांक निवडला, ते नाव मात्र लोक नीट घ्यायला तयार नव्हते. बेसबॉलची चित्रकार्डे छापणाऱ्यांनी त्याला ‘बॉब’ करून टाकले. समालोचक ‘बॉबी’ म्हणत. तो पुन्हा पुन्हा सांगे, की माझे नाव रोबेर्तो आहे. ते कोणी मनावर घेत नसे.

दोन ओझी

त्याला एकाच वेळी दोन ओझी वाहावी लागली. एक रंगाचे. सरावासाठी संघ फ्लोरिडात जाई तेव्हा गोरे खेळाडू हॉटेलात उतरत आणि कृष्णवर्णीयांची सोय गावाच्या त्यांच्या वस्तीत होई. वाटेत संघ जेवायला थांबला, की कृष्णवर्णीयांना बसमध्येच बसून राहावे लागे. दुसरे ओझे भाषेचे. त्याचे इंग्रजी मोडकेतोडके होते. बातमीदार त्याचे बोलणे उच्चारांसकट जसेच्या तसे छापत, म्हणजे वाचणाऱ्याला हसू यावे. शिकलेला, स्वाभिमानी तरुण वर्तमानपत्रात अडाणी दिसे.

त्यात दुखण्यांची भर. १९५४ च्या अखेरीस मोटार अपघातात त्याच्या पाठीच्या मणक्यांना मार बसला होता आणि ते दुखणे जन्मभर पुरले. फलंदाजीला उभा राहण्यापूर्वी मान इकडेतिकडे वळवून मोकळी करण्याची त्याची लकब साऱ्यांना ठाऊक झाली. पाठ दुखते म्हटले, की पत्रकार त्याला दुखण्याचे सोंग करणारा ठरवत. त्याच पाठीनिशी तो पायरेट्सकडून अठरा मोसम खेळला.

१९६० मध्ये पायरेट्सनी बलाढ्य न्यू यॉर्क यँकीजला हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. मालिकेच्या सातही सामन्यांत क्लेमेंतेने हिट मारली. पण त्या वर्षीच्या सर्वाधिक मोलाच्या खेळाडूसाठी पत्रकारांनी मते दिली, तेव्हा तो आठवा आला. हा अपमान तो विसरला नाही. इथे त्याला संत करून टाकण्याचा मोह टाळला पाहिजे. तो तापट होता, हळवा होता, मनात धरून ठेवणारा होता. फरक एवढाच, की राग त्याने बॅटमधून काढला. पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, तो लीगचा अव्वल फलंदाज ठरला. मग १९६४, १९६५ आणि १९६७ मध्येही. १९६६ मध्ये तो सर्वाधिक मोलाचा खेळाडू झाला. बेसबॉलमध्ये दहा प्रयत्नांत तीन हिट मारणारा फलंदाज थोर समजला जातो. क्लेमेंतेची कारकिर्दीची सरासरी ०.३१७ होती. क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लव्ह’ त्याने सलग बारा वर्षे मिळवला. मैदानाच्या उजव्या कोपऱ्यातून त्याने फेकलेला चेंडू थेट तिसऱ्या तळावर पोहोचे आणि धावणारा गारद होई.

१९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्युथर किंग यांची हत्या झाली. त्यांच्या अंत्यविधीपूर्वी आम्ही खेळणार नाही, अशी भूमिका पायरेट्सच्या खेळाडूंनी घेतली, त्यात क्लेमेंते पुढे होता. मोसमाचा पहिला सामना लांबणीवर पडला.

उशिरा आलेले कौतुक

अमेरिकेने त्याला खऱ्या अर्थाने पाहिले ते १९७१ मध्ये. वय सदतीस. वर्ल्ड सिरीजमध्ये समोर बाल्टिमोर ओरिओल्स होते. पुन्हा सातही सामन्यांत त्याने हिट मारली. सातवा सामना पायरेट्सनी २-१ असा जिंकला, त्यात त्याचा एक होम रन होता. मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू तोच. विजयानंतर टीव्हीचा माइक समोर आला तेव्हा इंग्रजीत बोलण्याआधी त्याने परवानगी घेऊन स्पॅनिशमध्ये आपल्या आईवडिलांचे आशीर्वाद मागितले. ज्या भाषेवरून त्याला हसले गेले, तीच भाषा त्या दिवशी घराघरांत ऐकू गेली.

३० सप्टेंबर १९७२ रोजी त्याने कारकिर्दीतली तीन हजारावी हिट मारली. तोवर फक्त दहा जणांना हे साधले होते. पाहायला जेमतेम तेरा हजार माणसे होती. त्या मोसमाच्या नियमित सामन्यांत त्याने पुढे एकही हिट मारली नाही. पुढला मोसम आलाच नाही.

२३ डिसेंबर १९७२ रोजी मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशाची राजधानी मनाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. हजारो माणसे दगावली. काही आठवड्यांपूर्वीच क्लेमेंते तिथे पोर्तो रिकोच्या हौशी संघाचा व्यवस्थापक म्हणून राहून आला होता. त्याने मदत गोळा करायला सुरुवात केली. नाताळचे दिवस बाजूला ठेवून अन्न आणि औषधे पाठवली. पण ही मदत सोमोसाच्या सैनिकांच्या हाती पडते, गरजवंतांपर्यंत पोहोचत नाही, अशा बातम्या येऊ लागल्या. आपण स्वतः गेलो तर कोणी हात लावणार नाही, असे त्याला वाटले. ३१ डिसेंबरच्या रात्री सान हुआनहून एक जुने डीसी-७ विमान प्रमाणाबाहेर भरून निघाले. आत पाच जण होते. उड्डाणानंतर थोड्याच वेळात ते समुद्रात कोसळले. क्लेमेंतेचा देह कधीच सापडला नाही. मागे पत्नी व्हेरा आणि तीन लहान मुलगे राहिले. संघातला त्याचा जिवलग मित्र मॅनी सॅन्गिलेन प्रार्थनासभेला गेला नाही. तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात शोध घेत होता.

खेळाडू निवृत्त झाल्यावर ‘हॉल ऑफ फेम’साठी पाच वर्षे थांबावे लागते. क्लेमेंतेसाठी हा नियम बाजूला ठेवून १९७३ मध्ये खास मतदान झाले. ४२४ पैकी ३९३ मते त्याला मिळाली. हा मान मिळवणारा तो पहिला लॅटिन अमेरिकन खेळाडू. मते देणारे पत्रकारच होते. तेरा वर्षांपूर्वी पत्रकारांच्याच मतांनी तो आठवा ठरला होता.

म्हणूनच पिट्सबर्गच्या त्या वादात वॅग्नरवाले एक अडचणीचा प्रश्न विचारतात: अशा मृत्यूचे गुण खेळाच्या खात्यात मांडायचे का? प्रश्न रास्त आहे. कागदावर वॅग्नरच वरचढ ठरतो, हे क्लेमेंतेवाल्यांनी मोकळेपणाने मानावे. पण क्लेमेंतेला मोठा ठरवायला त्याच्या मृत्यूची गरज नाही, हेही तितकेच खरे. तीन हजार हिट, बारा ग्लव्ह आणि १९७१ ची मालिका त्याने जिवंतपणीच पदरात घातली होती. मरणाने एवढेच केले, की लोकांना त्याच्याकडे सरळ पाहायला भाग पाडले. ही नजर त्याला आधी मिळायला हवी होती, ही बोच त्या शहराला आहे. त्याचे नाव निघाल्यावर आवाज खाली येतात, ते बहुधा तिच्यामुळेच.

त्याचा २१ क्रमांक १९७३ पासून पायरेट्सने दुसऱ्या कोणाला दिलेला नाही. २००१ मध्ये उघडलेल्या पीएनसी पार्क या नव्या मैदानाची उजव्या बाजूची भिंत मुद्दाम २१ फूट उंच बांधली आहे. सामन्याच्या दिवशी लोक नदीवरच्या ज्या पुलावरून मैदानाकडे चालत जातात, त्याला १९९८ मध्ये त्याचे नाव दिले गेले. वॅग्नर की क्लेमेंते, हा वाद त्या पुलावरही चालूच असतो. पण पुलावरच्या पाटीवर बॉब किंवा बॉबी लिहिलेले नाही. तिथे रोबेर्तो लिहिले आहे.